सामाजिक गतिशीलता आणि चित्ताचे स्वास्थ्य

मनुष्याचे दुःख अभावातून जन्मते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ज्यास अन्न नाही तो अन्नासाठी झुरतो, ज्यास आसरा नाही तो आसऱ्यासाठी, आणि ज्यास कोणी विचारीत नाही तो मानासाठी. ही समजूत खोटी नाही. पण ती अपुरी आहे. कारण अन्न, आसरा आणि मान ही तिन्ही ज्याने स्वकष्टाने मिळविली, त्याच्याही चित्तात पुष्कळदा एक निराळी तळमळ घर करून राहिलेली दिसते. आपण जेथे येऊन बसलो आहो तेथून कोणी उठवील काय, अशी धास्ती त्यास वाटत राहते. वैभवातून दैन्यात आलेल्याचे दुःख तर सर्वांच्या डोळ्यांस दिसतेच. वर चढणारा आणि खाली उतरणारा हे दोघेही व्याकुळ होत असतील, तर वरची अथवा खालची जागा एवढेच त्या दुःखाचे कारण असू शकत नाही. ते कारण कोणते आणि त्याचा परिहार कोणाच्या हाती आहे, हा या लेखाचा विषय होय.

व्यक्तीने किंवा कुटुंबाने समाजातील एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाणे, यास समाजशास्त्रात 'सामाजिक गतिशीलता' असे नाव आहे. शेतमजुराचा मुलगा कारखान्यात कायम झाला, कामगाराची मुलगी डॉक्टर झाली, ही ऊर्ध्वगती. सावकाराचा नातू फेरीवाला झाला, ही अधोगती. या दुसऱ्या शब्दास आपल्या भाषेत पापाचा वास चिकटलेला आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. धन गेले म्हणजे मनुष्य अधोगतीस गेला असे जी भाषा सहज बोलते, त्या भाषेत वाढलेल्या मनास धन जाणे हे शील जाण्यासारखे वाटले, तर त्यात नवल नाही.

असा प्रश्न हवेत मांडण्यापेक्षा एखाद्या ठिकाणाच्या आधाराने तपासलेला बरा. त्या दृष्टीने ठाणे जिल्ह्यातील शहाड हे स्थान पाहण्यासारखे आहे. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर कल्याण सोडल्यानंतरचे हे पहिले स्टेशन. एका अंगास उल्हास नदी, दुसऱ्या अंगास उल्हासनगर आणि मधून मुरबाडकडे जाणारा रस्ता. स्थान लहान, परंतु या एवढ्याशा टापूत गेल्या पाऊणशे वर्षांत माणसांच्या चढउताराचे जवळजवळ सर्व प्रकार घडून गेले आहेत.

पहिला प्रकार उतरणीचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्कराची मोठी छावणी होती. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंध प्रांतातून निघालेल्या सुमारे एक लक्ष निर्वासितांना या रिकाम्या बराकींत आणून ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत या वसाहतीस 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. आलेल्यांत पेढ्यांचे मालक होते, जमीनदार होते, शिक्षक आणि वकील होते. गोणपाटाचे पडदे बांधून एकेका कुटुंबाने बराकीतला आपला कोपरा आखून घेतला, आणि काल गादीवर बसून हिशेब पाहणारे हात आज लोकलगाडीत पापड आणि गोळ्या विकू लागले. पुढे एका पिढीच्या आत यांतील कित्येकांनी व्यापारात पुन्हा जम बसविला, हे सर्वश्रुत आहे.

दुसरा प्रकार चढणीचा. १९५६ साली शहाड येथे सेंच्युरी रेयॉनचा कारखाना चालू झाला. शेजारी मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील 'एनआरसी'चा कारखाना होता. देशावरून, खानदेशातून, कोकणातून, उत्तर हिंदुस्थानातून माणसे आली. ज्यांच्या घरात पावसावर वर्षाचा हिशेब ठरत असे, त्यांच्या हाती महिन्याच्या ठरलेल्या तारखेस पगार येऊ लागला. 'कायम' हा एक शब्द नेमणुकीच्या कागदावर आला की सोयरीक जमत असे, दुकानदार उधारी देत असे आणि गावाकडचे लोक वाट पाहत असत. या कामगारांची मुले शाळेत गेली. काही अभियंते झाली, काही बँकेत लागली, काही परदेशी गेली.

तिसरा प्रकार अकस्मात आलेल्या पैशाचा. कल्याणच्या पंचक्रोशीत भातशेती करणारी आगरी व अन्य समाजांची जुनी घराणी होती. शहर वाढत गेले, भातखाचरांवर इमारती उभ्या राहिल्या आणि ज्यांच्या जमिनी विकल्या गेल्या त्यांतील काहींच्या हाती वाडवडिलांनी कधी पाहिली नव्हती एवढी रक्कम एकदम आली. पैसा आला, परंतु पहाटे उठून जेथे जायचे ते शेत गेले, आणि शेताबरोबर दिवसाचा आकारही गेला.

चौथा प्रकार पुन्हा उतरणीचा. २००९ साली मोहन्याचा एनआरसी कारखाना बंद पडला. हजारो कुटुंबांचा जो आधार 'कायम' या शब्दावर उभा होता, तो गेला. मुंबईने असाच प्रसंग त्यापूर्वी पाहिला होता. १८ जानेवारी १९८२ पासून चाललेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लक्ष कामगार होते, आणि त्यांतील पुष्कळांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही.

या चारही प्रकारांत दुःख आहे, परंतु ते एकाच जातीचे नाही. बराकीतील निर्वासिताचे दुःख अपार होते. घर, गाव, भाषा ऐकू येणारा रस्ता, सर्व मागे राहिले होते. तथापि त्याच्या शेजारी जो बसला होता तोही तसाच आलेला होता. आपण काल कोण होतो हे कोणास समजावून सांगावे लागत नव्हते, आणि आज पापड का विकतो याचे उत्तर कोणी मागत नव्हते. कारणही सर्वांस ठाऊक होते. ते कोणा एकाच्या नाकर्तेपणात नव्हते. तेथे शोक होता, पण लज्जेला जागा थोडी होती. याउलट ज्याची नोकरी चाळीत एकट्याचीच जाते, त्याची स्थिती पाहावी. सकाळी पाळीच्या वेळेस शेजारी डबा घेऊन निघतात, आणि हा दाराआड बसतो. मुलाच्या शाळेच्या अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी त्याचा हात थांबतो. धान्याचा प्रश्न कदाचित बायकोच्या शिवणकामावर सुटत असेल. परंतु आपण आता कोण, हा प्रश्न सुटत नाही. शोक मनुष्य चारचौघांत बोलून दाखवू शकतो. लज्जा मात्र त्यास चारचौघांतून उठवून एकांतात नेते, आणि एकांतात ती वाढते.

वर चढलेल्याचीही एक लज्जा असते. ती सूक्ष्म असल्याने सहसा लक्षात येत नाही. समजा, कारखान्यात रात्रपाळी करून बापाने मुलास अभियंता केले. मुलाने मोठ्या वसाहतीत घर घेतले. बाप पाहुणा आला, तो कोचाच्या कडेवर अवघडून बसला. मुलाचे सहकारी येणार म्हणून सुनेने सासऱ्यांस आतल्या खोलीत विश्रांती घेण्यास सुचविले. मुलाने ते ऐकले, आणि तो काही बोलला नाही. त्या रात्री त्या मुलास झोप लागत नसेल, तर त्याचे कारण कोणत्याही अभावात सापडणार नाही. कार्यालयात तो आपली बोली दडवितो. गावी गेला की शहरी उच्चार दडवितो. दोन्हीकडे तो पाहुणाच असतो. शिवाय ज्यांनी आपल्यासाठी झिजावे त्यांना मागे टाकून आपण पुढे आलो, हे ऋण त्याच्या मनात असते, आणि ते फेडावे कसे हे त्यास कळत नाही. पैसे पाठविले म्हणजे ते फिटत नाही, हे मात्र त्यास पक्के ठाऊक असते.

पाश्चात्त्य अभ्यासकांनीही या गोष्टीचा विचार केलेला आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील दुर्खीम यांनी १८९७ साली आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. आर्थिक अरिष्टात आत्महत्या वाढतात, हे लोकांस अपेक्षितच होते; परंतु अकस्मात भरभराटीच्या काळातही त्या वाढतात, असे त्यांनी आकडेवारी देऊन दाखविले. त्यांची मीमांसा अशी की, मनुष्याच्या वासनेस स्वतःची मर्यादा नसते. समाजच त्यास एक माप देतो. स्थिती एकदम पालटली की ते माप मोडते, आणि मापाविना राहिलेली वासना मनुष्यास खाऊन टाकते. पुढे १९२७ साली पितिरीम सोरोकिन यांनी 'सोशल मोबिलिटी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. भटक्या कारागिराच्या पोटी जन्मलेला हा रशियन पुरुष १९१७ साली सरकारच्या प्रमुखाचा सचिव झाला, पुढे त्यास देहदंडाची शिक्षा झाली, ती टळून तो देशाबाहेर घालविला गेला, आणि अखेरीस अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात त्याने समाजशास्त्राचा विभाग स्थापन केला. चढउतार त्याने पुस्तकाआधी आयुष्यात वाचला होता. त्याचे म्हणणे असे की, एका थरातून दुसऱ्या थरात जाणारा मनुष्य जुन्या मुळांपासून तुटतो आणि नवी मुळे लवकर धरत नाहीत. त्यामुळे त्याच्या मनावर ताण पडतो व तो एकाकी होतो. नंतरच्या संशोधकांना हा परिणाम सर्वत्र सारखा आढळला नाही. घसरणीचा घाव अधिक स्पष्ट दिसला, चढणीचा कोठे दिसला, कोठे नाही. म्हणजे चढणे हे स्वभावतःच रोगकारक नाही. ते कोणत्या परिस्थितीत घडते, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

ती परिस्थिती किती कठोर असू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रास दूर शोधावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले, कोलंबिया विद्यापीठात शिकले, लंडनलाही त्यांनी अध्ययन केले आणि १९१७ साली संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी बडोद्यास आले. विद्येच्या पायरीवर त्यांच्या बरोबरीचा मनुष्य त्या शहरात क्वचितच असेल; परंतु राहण्यास त्यांना खोली मिळेना. पारशांच्या एका उतारशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी काही दिवस काढले. ते उघड होताच काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला, आणि त्यांना सामान घेऊन बाहेर पडावे लागले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. मनुष्य चढला होता. समाजाने त्यास पायरीवर उभे राहू दिले नाही. दया पवार यांचे 'बलुतं' हे आत्मकथन १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यात शिकून शहरात स्थिरावलेला दया आणि गावकुसाबाहेर जन्मलेला दगडू हे जणू दोन इसम समोरासमोर बसलेले आहेत. वस्तुतः ते दोघे एकच. चढणाऱ्याच्या मनाचे दुभंगणे यापेक्षा स्पष्ट रूपात दाखविणे कठीण आहे.

येथे एक पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो धर्माच्या नावाने उभा राहतो म्हणून त्याची दखल घेणे अगत्याचे आहे. तो असा: 'चढण्यात दुःख आहे, उतरण्यात दुःख आहे, म्हणून ज्याने त्याने आहे तेथेच संतोषाने राहावे. प्रपंच अनित्य आहे, त्यात पायरी कसली पाहता?' हा उपदेश कानास गोड लागतो. परंतु तो बहुधा वरच्या पायरीवर बसलेला मनुष्य खालच्या पायरीवरील मनुष्यास करतो, हे विसरता येत नाही. उपाशी मनुष्यास उपवासाचे माहात्म्य सांगणे जसे, तसेच हे. त्याग हा ज्यापाशी काही आहे त्याचा धर्म होय. ज्याच्या हाती कधी काही येऊच दिले नाही, त्यास त्याग शिकविणे म्हणजे त्याच्यावर झालेल्या अन्यायास पुण्याचे नाव देणे होय.

या बाबतीत सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे चरित्र निःसंदिग्ध आहे. परंपरेप्रमाणे स्वामी हे भडोचच्या प्रधानाचे, विशाळदेवांचे पुत्र म्हणून वाढलेले. राजगृहाच्या जवळचे वैभव त्यांनी भोगले होते, आणि ते जाणून सोडले. हाच त्यांचा दाखला देऊन कोणी भुकेल्यास भुकेला राहण्यास सांगेल, तर तो चरित्राचा विपर्यास ठरेल. उलट तेराव्या शतकात जी पायरी सर्वांत उंच समजली जात असे, आणि जिच्यावर स्त्रीशूद्रांस पाऊल ठेवण्याची मनाई होती, त्या ज्ञानाच्या पायरीवर स्वामींनी सर्वांस बोलाविले. आणि बोलाविले ते त्यांच्याच मराठी भाषेत. पुढे केसोबासांसारख्या संस्कृतज्ञ पंडितास संस्कृतात ग्रंथरचना करण्याची इच्छा झाली, तेव्हा मार्गातील साध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील म्हणून श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना त्यापासून परावृत्त केले, ही कथा सर्व वासनिकांस परिचित आहे. म्हातारीस शिडी चढावयास लावण्यापेक्षा फळीच खाली आणावी, असा तो निर्णय होता. सामाजिक गतिशीलतेचा विचार करणाऱ्याने या निर्णयाकडे लक्ष द्यावे. काही माणसांस वर चढविणे हा न्यायाचा एक मार्ग आहे. ज्या गोष्टी सर्वांच्या आहेत त्या उंचावर ठेवूच नयेत, हा दुसरा आणि अधिक मूलगामी मार्ग आहे.

तेव्हा सिद्धांत काय? शास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर मनुष्य जे नाही तेच आपण आहो असे जाणतो. हे त्याचे अन्यथाज्ञान. देह म्हणजे मी, कुळ म्हणजे मी, या ओळीतच 'पद म्हणजे मी' हेही येऊन बसते. पदास 'मी' मानले की पद चढताना 'मी' फुगतो, उतरताना 'मी' मरतो, आणि स्थिर असतानाही ते जाईल या भयाने कापत राहतो. चढणाऱ्याची धास्ती आणि उतरणाऱ्याची लज्जा या दोहोंचे मूळ येथे एकत्र होते.

शहाडच्या कारखान्यातूनच यास एक दृष्टांत घेता येतो. रेयॉनचा धागा लाकडाच्या लगद्यापासून होतो. लगद्यातील सेल्युलोज कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांच्या योगाने विरघळवितात, आणि तो चिकट रस अतिसूक्ष्म छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडतात. बाहेर येतो तो रेशमासारखा चकाकणारा धागा. पाहणाऱ्यास वाटते, लाकडाचे रेशीम झाले. परंतु रसायनशास्त्र सांगते की, लगद्यात जे सेल्युलोज होते तेच धाग्यातही सेल्युलोज आहे. आकार पालटला, मोल पालटले, ठेवण्याची जागा पालटली. द्रव्य पालटले नाही. दार्ष्टान्तिक असे की, मजुराचा साहेब झाला अथवा साहेबाचा मजूर झाला, तरी जो जीव होता तोच आहे. त्याची किंमत बाजाराने लावली, त्याचे स्वरूप बाजारास ठरविता आलेले नाही.

मात्र दृष्टांत एकदेशी असतो. लगद्यास स्मरण नाही; मनुष्यास आहे. धाग्यास अरण्य आठवत नाही, आणि दुकानातील इतर धागे त्यास कुळ विचारीत नाहीत. मनुष्याच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडतात. म्हणून 'तू पद नव्हेस' हे ज्ञान त्यास एकट्याने पचविणे फार कठीण जाते. सभोवतालची सर्व माणसे जर पदच पाहत असतील, तर एकट्याच्या विवेकाने तो किती काळ टिकेल? येथे श्रीचक्रधरोक्त आचारधर्मातील व्यवहाराचा अर्थ ध्यानात येतो. अटन करणारा भिक्षू आयुष्यभर हिंडतो. गाव बदलते, आसरा बदलतो, उद्याचे अन्न निश्चित नसते. गतीच मोजली तर त्याच्याइतका गतिशील कोणी नाही. तरी या गतीने त्याचे चित्त विदीर्ण होऊ नये अशी योजना आहे, कारण त्याची गती सपाटीवरची आहे. श्रीमंताच्या घरची भिक्षा आणि गरिबाच्या घरची भिक्षा एकाच झोळीत येते; कोणते अन्न कोणत्या घरचे, हे झोळी सांगत नाही. आणि तो एकटाही नसतो. ज्यांच्यात तो जातो, तेही आपापली नावे-गावे मागे ठेवून आलेले असतात. म्हाइंभट हे धनाने आणि विद्येने संपन्न. वाद जिंकण्याच्या इच्छेने ते स्वामींकडे आले, असे परंपरा सांगते. तेच पुढे ज्यांनी स्वामींस पाहिले-ऐकले अशा लहानथोर माणसांच्या दारी जाऊन लीळा विचारीत हिंडले, आणि त्यांतून 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. लौकिक दृष्टीने ही उतरण होती; त्यांच्या चित्तास मात्र ती उतरण झाली नाही. विवेक त्यांच्यापाशी होता हे खरेच. परंतु ज्या मंडळीत त्यांना स्थान होते ती मंडळीही होती.

अर्थात् येथेही सावध राहिले पाहिजे. संन्यासाचीसुद्धा पायरी होऊ शकते. आसन कोणाचे पुढे, शिष्य कोणाचे अधिक, मठ कोणाचा मोठा, ही मोजणी सुरू झाली की सोडलेली शिडी दुसऱ्या दाराने आत येते. मग गृहस्थास 'पद म्हणजे मी नव्हे' हे सांगण्याचा अधिकार उरत नाही.

आणखी एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. चित्ताच्या प्रत्येक व्यथेस अहंता हे एकच निदान लावणे अन्यायाचे होईल. मनाचे काही रोग देहाचे असतात. रेयॉनच्या दृष्टांतात ज्या कार्बन डायसल्फाइडचा उल्लेख आला, त्याच्या वाफेने मनुष्याची बुद्धी व वृत्ती बिघडते, हे पॅरिसमधील वैद्य ऑग्यूस्त देलपेश यांनी रबर कारखान्यांतील कामगारांच्या निरीक्षणावरून १८५६ साली नोंदविले होते. त्या कामगारांस कोणी केवळ वैराग्य शिकविले असते, तर ते क्रौर्य ठरले असते. त्यांना मोकळी हवा आणि औषध पाहिजे होते. त्याचप्रमाणे ज्याची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, ज्यास अन्न नकोसे झाले आहे, जो जगण्यास कंटाळल्याचे बोलतो, त्यास वैद्याकडे नेणे हा विलंब न लावता करावयाचा धर्म होय. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करून विनामूल्य सल्ला मिळण्याची 'टेली-मानस' ही सोय शासनाने २०२२ साली चालू केली. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा यत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून, त्यास शिक्षेऐवजी शुश्रूषा देण्याचे धोरण स्वीकारले आहे. कायद्यास जे कळले, ते धर्म सांगणाऱ्यांस कळू नये असे होऊ नये. 'असे बोलणे पाप आहे' म्हणून त्या मनुष्याचे तोंड बंद करणारा, त्याच्या एकांतात भरच घालतो.

आता कर्तव्याचा विचार. चढउताराचे दुःख दोन गोष्टींनी बनले आहे असे वर दिसून आले: पदास 'मी' मानणे ही एक, आणि गतीत एकटे पडणे ही दुसरी. पहिलीचा परिहार ज्याचा त्याने विवेकाने करावयाचा आहे. दुसरीचा परिहार मात्र त्याच्या हाती नाही. तो इतरांच्या हाती आहे, आणि म्हणूनच तो इतरांचा धर्म आहे.

जो वर गेला त्याच्या जुन्या माणसांनी 'आता मोठा झालास, आमची ओळख कशाला ठेवशील' हे वाक्य उच्चारू नये. ते थट्टेत बोलले जाते, पण ते ऐकणाऱ्यास घराचे दार लागल्यासारखे ऐकू येते. तसेच त्यास केवळ अडीनडीची तिजोरी समजू नये. तिजोरीस कोणी 'जेवलास का' असे विचारीत नाही. त्याच्या नव्या शेजाऱ्यांनी आडनाव, गाव आणि वडिलांचा धंदा यांच्या आडून त्याची परीक्षा घेऊ नये. आणि त्याने स्वतः पाहुण्यांसमोर बापास आतल्या खोलीत बसवू नये. 'हे माझे वडील, यांनी रात्रपाळी करून मला शिकविले,' एवढे एक वाक्य त्याने सर्वांदेखत उच्चारले, तर दोघांच्याही छातीवरील दगड उतरेल.

जो खाली आला त्याच्या बाबतीत कर्तव्य याहून सोपे आणि म्हणूनच अधिक दुर्लक्षित आहे. त्यास पूर्वीप्रमाणेच बोलवावे. लग्नकार्याचे निमंत्रण 'त्यास अहेराचा संकोच वाटेल' म्हणून टाळले जाते. दयेच्या वेषातील तो बहिष्कारच होय. पंगतीत त्याची जागा होती तेथेच असावी, आणि नोकरीचे काय झाले हे त्यास पानावर बसल्यावर विचारू नये. त्याच्या हातास काही काम द्यावे. सभेची व्यवस्था, पोथीचे वाचन, मुलांस अक्षर वळण लावणे, असे जे त्यास येत असेल ते. दिवसास आकार येणे हेही औषधच आहे. जमीन विकून पैसा आलेल्या शेतकऱ्यासही ते तितकेच लागू पडते. त्याच्या तिजोरीचा हेवा करणाऱ्यांस त्याचा रिकामा दिवस दिसत नाही.

मठांतील साधू-तपस्विनींकडे दोन्ही प्रकारची माणसे येतात. येताना ती बहुधा तत्त्वाचा प्रश्न घेऊन येतात. खरा प्रश्न उठून जाताना, दाराशी, चपला पायात घालता घालता निघतो. तेवढे थांबणे आणि ऐकून घेणे हे निरूपणाइतकेच महत्त्वाचे आहे. समोर आलेला मनुष्य सायकलीवरून आला की मोटारीतून, याची नोंद न करता ज्या आसनावर कालच्या मनुष्यास बसविले त्याच आसनावर त्यास बसविणे, ही 'जीव म्हणजे पद नव्हे' या वचनाची प्रत्यक्ष टीका होय. तेथे त्यास शब्दांनी काही सांगण्यापूर्वीच अर्धे समजलेले असते.

कारखाने उघडतील आणि मिटतील, जमिनी विकल्या जातील, मुले शिकून दूर जातील; शहाडसारख्या ठिकाणी हे थांबणारे नाही, आणि ते थांबावे असेही म्हणता येत नाही. कारण खालच्या पायरीवर कोंडून राहणे हे कोणाचेच प्राक्तन म्हणून शास्त्राने मान्य केलेले नाही. चढणाऱ्यास चढू द्यावे. उतरलेल्यास हात द्यावा. आणि दोघांपैकी कोणीही दारी आला, तर त्याची पायरी न विचारता प्रथम त्यास आत घ्यावे.